आप्पांचं जुनं वेब्ली देऊन नवं पिस्तूल घ्यावं का?

पेढीवरची

नमस्कार. बरीच वर्षं इथलं वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

सांगलीत आमची सराफी पेढी आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, १९८१ साली एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडून .३२ बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर घेतलं. मार्क फोर, सहा गोळ्यांचं, वरची कडी दाबली की मधून मोडून उघडणारं, नळीवर बर्मिंगहॅमचा शिक्का. तेव्हा रात्री पेढी बंद केली की माल पिशवीत घालून चालत घरी आणायचे. पिशवी आप्पांच्या डाव्या हातात आणि हे कोटाच्या आत. मला आठवतं तेव्हापासून ते त्या कोटाचाच भाग आहे.

आप्पा आता ७२ वर्षांचे आहेत. परवानाधारकानं सत्तरी ओलांडली की त्यानं नेमलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. त्या नियमानं गेल्या वर्षी परवाना माझ्या नावावर झाला आणि हत्यार माझ्या ताब्यात आलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलं, पण प्रत्यक्षात गोळ्या झाडल्या त्या मोजक्याच.

गेल्या महिन्यात साफसफाईसाठी गन हाऊसमध्ये नेलं होतं. दुकानदार म्हणाले, "ताई, हे आता म्हातारं झालं. आम्हाला द्या, वर थोडे पैसे घाला आणि नवं कोरं .३२ पिस्तूल न्या." त्यांनी एक हातात दिलं. चपटं, नीटस, ट्रिगर हलका. आमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबायचा तर माझं बोट थरथरतं, नेम हलतो. मोह झाला, खरं सांगते.

आप्पांना अजून बोललेले नाही. बोलण्याआधी माझं मला कळायला हवं की मी जे करतेय ते शहाणपणाचं आहे की नुसती नव्याची ओढ. जाणकारांनी सांगावं.

ऊसपट्टा

ताई, मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ ला हेच केलंय मी. वडिलांचं रिव्हॉल्व्हर दिलं, वर पैसे भरले, पिस्तूल घेतलं. पहिले सहा महिने लई भारी वाटलं. मग मळ्यात एकदा सराव म्हणून परवानगीनं झाडायला गेलो तर तिसरी गोळी अडकली. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, अर्ध्यात थांबली. काढून साफ केलं, परत पाचवी अडकली. कारागिराकडे दोन फेऱ्या झाल्या, मॅगझिनचे, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीचे, ओठ जरासे वाकलेले निघाले. आता नीट चालतंय.

पण वडिलांचं हत्यार गेलं ते गेलंच. दुकानात पुढच्या महिन्यात विचारायला गेलो तर विकून मोकळे झाले होते, आणि मला जेवढं धरून दिलं त्याच्या कितीतरी वर विकलं होतं. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

कोर्टकचेरी

आधी कायद्याची बाजू, कारण ही जुनी स्कूटर देऊन नवी आणण्यासारखी अदलाबदल नाही.

१) हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. कुणाला विकणार त्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही. दुकानदाराला द्यायचं असलं तरी आधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज करा. परवान्यावरून जुन्या हत्याराचा नंबर कमी झाल्याची नोंद हातात पडल्याशिवाय "झालं" असं मानू नका.

२) परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. "रिव्हॉल्व्हर" एवढंच लिहिलं असेल तर पिस्तूल घेण्यासाठी बदल मंजूर करून घ्यावा लागेल. "रिव्हॉल्व्हर/पिस्तूल" असेल तर तो एक टप्पा वाचतो.

३) आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. त्याआधी ती मर्यादा तीन होती. तुमच्याकडे एकच आहे. म्हणजे जुनं ठेवून दुसऱ्या हत्याराची परवानगी मागण्याचा रस्ता उघडा आहे. मिळेलच असं नाही. गरज पटवून द्यावी लागते, पोलिसांचा अहवाल लागतो. पण "एक द्या तरच दुसरं मिळेल" असं कुणी सांगत असेल तर तो कायदा नाही, विक्रीची पद्धत आहे.

ह्यूस्टनकर

मी मूळचा मिरजेचा, बावीस वर्षं टेक्सासमध्ये आहे. इथे जुनं दुकानात ठेवलं, फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली की तासाभरात नवं घेऊन बाहेर पडता येतं. त्यामुळे इथली माणसं वर्षा-दोन वर्षांनी बदलतात आणि चुकलं तर परत जुनं शोधून आणतात. तुमच्याकडे चूक दुरुस्त करायची सोय नाही, हा फरक मनात ठेवून माझं पुढचं वाचा.

मी दोन्ही वापरतो. पिस्तुलाचा ट्रिगर हलका, गोळ्या थोड्या जास्त, मॅगझिन बदलणं झटपट. पण ते हाताच्या ताकदीवर चालतं. मनगट सैल धरलं तर स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही आणि पुढची गोळी नीट चढत नाही. माझ्या बायकोला हे जमायला चार महिने लागले. रिव्हॉल्व्हरला तुम्ही कसं धरलंय याच्याशी देणंघेणं नसतं. गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर ओढा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकी निघाली तर स्लाइड हातानं ओढून ती बाहेर काढावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही.

जो महिन्यातून निदान एकदा सराव करेल त्याच्यासाठी पिस्तूल. जो वर्षानुवर्षं तिजोरीत ठेवणार आहे त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर. मी यापलीकडे जाणार नाही.

बागाईतदार_निफाड

मी वेगळं सांगते. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर परत करून मी पिस्तूल घेतलं, आणि मला पश्चात्ताप नाही. माझे हात लहान आहेत. ते रिव्हॉल्व्हर धरलं की ट्रिगरपर्यंत बोट पोचतच नव्हतं, पोचलं तर टोकानं दाबावं लागायचं. जे हत्यार तुमच्या हातात बसत नाही ते तुमचं नाही, मग ते कितीही मौल्यवान असो. ताई, वडिलांचा कोट तुम्हाला होणार नाही हे आपण सहज मान्य करतो, मग हत्याराच्या बाबतीत का नाही?

जुनी_नळी

पोलीस मुख्यालयात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून एकतीस वर्षं काढली. थोडं सविस्तर लिहितो.

दुकानदार "म्हातारं झालं" म्हणाले. जुनं होणं वेगळं आणि झिजणं वेगळं. १९५० च्या सुमाराचं वेब्ली, वर्षाला दहा गोळ्या झाडलेलं आणि कोरडं ठेवलेलं, आजही उत्तम असू शकतं. पाच वर्षांचं पिस्तूल दमट कपाटात, चामड्याच्या खोळीत पडून राहिलं तर नळीत गंज बसतो. वयावरून ठरवू नका, तपासून ठरवा.

तपासायचं कसं? पहिल्यांदा उघडून सहाही घरं रिकामी आहेत याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा. एकदा तुम्ही, एकदा दुसऱ्या माणसानं. मग बंद करून एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरून हलकेच हलवा. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जीव वरच्या कडीत असतो. खडखड वाजलं तर कडी किंवा बिजागरी ढिली आहे. त्यानंतर घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकायच्या आत किंवा अडकतानाच सिलेंडर जागेवर कुलूप झाल्यासारखा बसला पाहिजे. हे सहाही घरांना करा, एका घरावरून ठरवू नका. घोडा अडकला पण सिलेंडर अजून किंचित मागे राहिला असेल, तर सिलेंडर फिरवणारा दात झिजलाय. ते घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीचं शिसं कडेला घासून उडतं, शेजारी उभ्या माणसाला लागू शकतं. शेवटी नळी आणि सिलेंडरमधली फट उजेडासमोर धरून पाहा. बारीक रेघ दिसली पाहिजे, चहूबाजूंनी सारखी.

कडी, दात, स्प्रिंग ही तिन्ही कामं चांगला कारागीर करू शकतो. मात्र नळीत खोल खड्डे पडले असतील किंवा सिलेंडरला तडा असेल तर माझंही मत बदला म्हणूनच पडेल.

सुटे भाग बाजारात मिळणार नाहीत हे धरून चाला. वेब्ली अँड स्कॉटनं १९७९ मध्ये बंदुका बनवणं थांबवलं. हल्ली उत्तर प्रदेशात संडीला इथे त्याच नावानं .३२ रिव्हॉल्व्हर बनतात, पण ती नवी निर्मिती आहे. आपल्या कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या रचनेवरच बेतलेलं असल्यामुळे काहीजण त्याचे भाग बसवू पाहतात. ते सरळ बसत नाहीत. घासून, मापात आणून बसवावे लागतात, आणि तो हात सगळ्यांकडे नसतो.

आणि ट्रिगर जड आहे म्हणून कुणाला स्प्रिंग कापू देऊ नका. स्प्रिंग कापली की ट्रिगर हलका होतो आणि घोड्याचा ठोकाही हलका होतो. मग गोळ्या फुसक्या जातात.

खडकीचा

जुनी_नळी यांनी हत्याराचं लिहिलं, मी काडतुसांचं लिहितो. नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत झाली, वडिलांचीही तिथेच. १८६९ चा कारखाना. तुमच्या काडतुसांच्या बुडाशी इंग्रजीत "केएफ" असं कोरलेलं असेल तर ती आमच्याकडची, किर्की (म्हणजे खडकी) फॅक्टरीची. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून आमचा कारखाना म्युनिशन्स इंडियात गेला. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल बनवणारे कारखाने दुसऱ्या कंपनीत गेले.

ताई, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दोन्हीला ".३२" म्हणतात म्हणून काडतूस एकच असं नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस बुडाला रुंद कडा असलेलं, पितळी भाग सुमारे २३ मिलिमीटर लांब. पिस्तुलाचं जवळजवळ बिनकडेचं आणि सुमारे १७ मिलिमीटर. हत्यार बदललं की घरातला साठा निरुपयोगी. आणि ताकदीत म्हणाल तर दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही. "पिस्तूल जास्त जोरदार" असं कुणी म्हणालं तर .३२ च्या बाबतीत ते खरं नाही.

आप्पांकडे जुनी काडतुसं किती आहेत आणि ती कशात ठेवली आहेत? चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवली असतील तर काढा. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो आणि ते काडतूस घरात अडकून बसतं. आणि हत्याराला तेल लावून लगेच गोळ्या भरून ठेवायची सवय असेल तर तीही थांबवा. तेल पाझरून बुडाच्या टोपीत, जिच्यावर घोड्याचा ठोका बसतो तिच्यात, गेलं की काडतूस मरतं. बाहेरून चकचकीत दिसतं, वेळेला नुसतं टक् वाजतं.

पेढीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीनं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खडकीचा, काडतुसं मोजली. एकतीस आहेत. केएफच. आणि हो, चामड्याच्या पट्ट्यातच. नऊंवर हिरवा थर आहे. पाहून पोटात कालवलं, कारण आप्पांनी इतकी वर्षं याच्या भरवशावर रात्री रस्ता काटला.

कोर्टकचेरी, परवान्यावर "रिव्हॉल्व्हर/पिस्तूल" असं आहे. दोन हत्यारांचं मला माहीतच नव्हतं.

बागाईतदार, तुमचा कोटाचा दाखला मनात घर करून बसलाय. खरंच आहे ते.

मावळती

मला हत्यारांतलं काही कळत नाही. पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरात माझ्या थोरल्या दिरांचं पिस्तूल होतं. लग्नाला सगळे गावी गेलो असताना घर फुटलं. दागिने गेले, ते एक वेळ परत करता येतील. पिस्तूल गेलं. त्यानंतरचं दीड वर्ष मी कधीच विसरणार नाही. पोलिसांच्या चौकश्या, कुठे ठेवलं होतं, किल्ली कुणाकडे होती, परवाना निलंबित. दीर रात्री उठून बसायचे. त्यांना एकच भीती होती की त्या पिस्तुलानं कुणाचा जीव गेला तर? ते अजून सापडलेलं नाही. दीर गेले तरी ती भीती माझ्या जाऊबाईंच्या मनात आहे.

तुम्ही जुनं की नवं विचारताय. मी विचारते, ठेवायलाच हवं का? तुमच्या पेढीवर आता रात्री माल हातानं नेतात का?

ह्यूस्टनकर

मावळती, मनापासून लिहिलंत. आणि प्रश्न बरोबर आहे.

ऊसपट्टा

ठेवायचं असेल तर भिंतीत बोल्ट मारलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळीकडे, किल्ली एकाकडेच. एवढं नसेल तर मावळतीताईंचं ऐका.

अजून एक, निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की आमच्याकडे पोलीस ठाण्यातून जमा करा म्हणून निरोप येतो. मागच्या वेळी चार महिने जमा होतं. परत आणलं तर नळीत तांबडी धूळ. नवं असो की जुनं, जमा करण्याआधी पातळ तेलाचा हात द्या, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, आणि पावतीवर नंबर तपासून घ्या.

कोर्टकचेरी

ऊसपट्टा, सरसकट सगळ्यांनी जमा करायलाच पाहिजे असं नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवायचं असतं. बँकेचे सुरक्षारक्षक, सराफ यांच्यासारख्यांनी आधीच लेखी कारण दिलं तर विचार होतो. पण नोटीस आली असेल तर आधी जमा करा आणि मग दाद मागा. उलटं करू नका.

द्राक्षवेल

किमतीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. म्हणजे भारतात जी विलायती वेब्ली, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर आहेत, त्यांत नवी भर जवळजवळ पडतच नाही. चांगल्या अवस्थेतल्या हत्याराला गिऱ्हाईक थांबलेलं असतं. दुकानदार "म्हातारं" म्हणून घेतो आणि "ओरिजिनल इंग्लिश" म्हणून विकतो. तो त्याचा धंदा आहे, त्यात राग धरायचं कारण नाही. पण तुम्ही सराफ आहात. जुनं सोनं मोडीत घालताना गिऱ्हाईक जसं तीन पेढ्यांवर विचारतं, तसं तुम्हीही तीन ठिकाणी विचारा.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. "वर थोडे पैसे" म्हणजे कर धरून किती, ते कागदावर लिहून घ्या.

आणि पिस्तूलच कशाला? ट्रिगर आणि वजनाची अडचण असेल तर नवं रिव्हॉल्व्हरही पाहा. कानपूरचं निर्भीक २०१४ मध्ये आलं तेव्हा महिलांसाठी म्हणूनच पुढे आणलं होतं, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ मध्ये प्रबल आलं, त्याचा सिलेंडर बाजूला उघडतो.

नेमबाज_दुधाळी

कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर सात वर्षं एअर पिस्तूल आणि नंतर .२२ स्पोर्ट्‌स पिस्तूल केलं. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत ज्या गावात घडल्या त्या गावची, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

ताई, तुमचं बोट थरथरतं ते बहुधा ट्रिगरमुळे कमी आणि सरावाच्या अभावामुळे जास्त. आम्हाला पहिले दोन महिने गोळीच देत नव्हते. रिकामं पिस्तूल पांढऱ्या भिंतीसमोर धरायचं आणि ट्रिगर ओढताना पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलता कामा नये. रोज पन्नास वेळा. हातातली, खांद्यातली ताकद हळूहळू येते. तुम्ही हे रिव्हॉल्व्हरवर करू शकता, पण घरांत खोटी काडतुसं घालून, नाहीतर घोड्याचं टोक तुटेल. जुन्याचं तुटलं तर जुनी_नळी म्हणतात तसा भाग मिळायचा नाही. आणि खरी काडतुसं त्या वेळी त्या खोलीतसुद्धा नकोत.

तीन महिने हे करा आणि मग ठरवा की हत्यार बदलायचंय का. आज बदललंत तर नव्या हत्याराबरोबर तोच थरथरणारा हात जाईल.

जुनी_नळी

वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन.

पिस्तुलाबद्दल एकच भर घालतो, कारण नोकरीत यामुळे झालेले अपघात पाहिलेत. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं माणसाला वाटतं. चेंबरमधली, म्हणजे नळीत आधीच चढलेली, एक गोळी तशीच असते. साफ करायला घेतलं आणि सुटली, हे वाक्य मी किती पंचनाम्यांत वाचलंय त्याला हिशोब नाही. तुमचं वेब्ली उघडलं की सहाच्या सहा घरं एका नजरेत दिसतात आणि काडतुसं आपोआप वर येतात. घरात मुलं असतील, हाताळणारी माणसं एकाहून जास्त असतील, तर मी या एका गोष्टीला फार किंमत देतो.

पेढीवरची

आठ दिवसांनी लिहितेय, त्याबद्दल क्षमा. या आठवड्यात दोन कामं झाली.

पहिलं, कारागिराकडे जाऊन आले. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, तीन पिढ्या हेच काम. जुनी_नळी यांनी सांगितलेली सगळी तपासणी त्यांनी न सांगता त्याच क्रमानं केली. नळी स्वच्छ, आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, धारदार. कडी थोडी ढिली. चार घरं बरोबर बसतात. पाचव्या आणि सहाव्या घराला घोडा सावकाश ओढला तर सिलेंडर केसभर मागे राहतो. झटकन ओढला तर कळतही नाही. ते म्हणाले, दात झिजलाय, त्यावर धातू भरून घासून देतो, पंधरा दिवस लागतील. आणि मग म्हणाले, "पोरी, हे मोडीत काढायचं हत्यार नाही. पण आजच्या आज यातनं झाडूही नकोस." दुकानदारांनी हे उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. रीतसर पावती करून दुरुस्तीला दिलंय.

दुसरं, आप्पांना सांगितलं.

मला वाटलं होतं दुखावतील. ते शांतपणे ऐकत होते. पिस्तुलाबद्दल काही बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, "रात्री माल कोण नेतं आता?" कुणीच नेत नाही. पेढीतच स्ट्राँगरूम झाली त्याला नऊ वर्षं झाली. बाहेरगावी माल जातो तो विमा असलेल्या गाडीतून. रोख पूर्वीच्या पावपटही नसते, निम्मे लोक फोनवरून पैसे देतात. मावळतीताईंनी नेमकं हेच विचारलं होतं आणि मी त्याचं उत्तर द्यायचं टाळलं होतं.

मग आप्पा म्हणाले, "मी त्रेचाळीस वर्षं बाळगलं. एकदाच बाहेर काढलं होतं, गणपती पेठेच्या तोंडाशी, ८७ साली. समोरचा पळाला. नंतर घरी येऊन ओकलो. तुझ्या आईला माहीत आहे." मला माहीत नव्हतं. आईनंही कधी सांगितलं नव्हतं. पट्ट्यातली हिरवी काडतुसं मी त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी एक उचलून उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत बसले.

तर पिस्तूल घेत नाही. दुसऱ्या हत्यारासाठी अर्जही करत नाही, कारण "गरज काय" या रकान्यात मी आज प्रामाणिकपणे काय लिहिणार? वेब्ली दुरुस्त होऊन येईल, भिंतीत पेटी बसवायला गवंड्याला सांगितलंय. दुधाळीच्या ताईंनी सांगितलेला सराव मी त्यानंतर सुरू करणार. तीन महिन्यांनी हातानं साथ दिली नाही, तर बागाईतदार म्हणतात तसं कोट आपला नाही हे मान्य करून रीतसर विकेन, तीन ठिकाणी भाव विचारून. आप्पांनी त्यालाही हो म्हटलंय. एवढंच म्हणाले, "विकशील तेव्हा कुणाला दिलंस ते मला सांग."

दुकानदारांना फोन करून नको म्हणून कळवलं.

बागाईतदार_निफाड

बरं वाटलं वाचून. आप्पांना नमस्कार सांगा.

मावळती

तुम्ही उत्तर दिलंत, मला तेवढं पुरे आहे. पेटी मात्र लवकर बसवा, हत्यार परत यायच्या आधी.

पेढीवरची

हो ताई, गवंडी गुरुवारी येतोय.

खडकीचा, एक शेवटचं विचारायचं राहिलं. ती नऊ काडतुसं आणि बाकीची बावीस यांचं काय करू? बावीस दिसायला ठीक आहेत, पण आप्पांना घेतल्याचं साल नक्की आठवत नाही. ९४ च्या आधीची असावीत म्हणतात.

खडकीचा

सगळीच वापरातून काढा. दिसायला ठीक असली तरी तीस वर्षं चामड्यात राहिलीत, भरवसा नाही. हिरवी झालेली घासून चकचकीत करायच्या फंदात पडू नका. नदीत, विहिरीत टाकू नका, पुरू नका. परवाना आणि काडतुसं घेऊन पोलीस ठाण्यात जा किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, संख्या लिहिलेली पावती घ्या आणि परवान्यावरच्या काडतुसांच्या नोंदीशी ती जुळवून ठेवा. एकतीस म्हणजे एकतीसच पावतीवर आली पाहिजेत.

नवी घ्याल तेव्हा थोडीच घ्या. कागदी खोक्यातच राहू द्या, खोक्यावर खरेदीची तारीख पेननं लिहा, आणि सांगलीतला पावसाळा लक्षात घेऊन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पुड्या दर मे महिन्यात बदला.

पेढीवरची

लिहून घेतलं. उद्या सकाळी पेढी उघडायच्या आधी आप्पांना घेऊन पोलीस ठाण्यात जाते. ती काडतुसं स्वतःच्या हातानं जमा करायची आहेत म्हणाले.